हरकूबाईची वादळं

टोपलीतून ठिबकणारं खारं पाणी आमच्या ओट्यावर ओल्या ठिपक्यांची रांग उमटवी आणि मागोमाग हरकूबाईचा घोगरा, उन्हात वाळलेला स्वर येई. वर्सोव्याहून अंधेरीच्या आमच्या चाळीत ती मासळी आणी. नवरा परदेशी आगबोटीवर खलाशी. मासळी विकून झाली की ती उंबऱ्याशी टेके आणि मला वर्तमानपत्र वाचायला लावी. आधी वादळं, मग बाकीचं जग.

त्या वर्षी कुठे ना कुठे समुद्र खवळलेलाच होता. थंडी सरताना मॉरिशसचा ऊस आडवा झाला, उन्हाळ्यात बंगालच्या उपसागराने खेडीच्या खेडी गिळली, गणपतीच्या सुमारास जपानची बंदरं उद्ध्वस्त झाली आणि पाठोपाठ वेस्ट इंडीजची बेटं. हरकूबाईच्या लेखी समुद्र एकच होता आणि त्यावर बोटही एकच, नवऱ्याची. बातमी ऐकताच तिचा चेहरा ढगाआड गेलेल्या उन्हासारखा विझे. ती उपास धरी, दर्याला नारळ वाही, आणि तिथल्या अनोळखी मेलेल्यांसाठीही डोळे पुशी. ते सारं हजारो मैल दूर आहे अशी मी समजूत घाली, तर पाण्याला कसलं आलंय दूर, असं ती पुटपुटे.

दिवाळीनंतर नवऱ्याच्या बोटीवरचा एक खलाशी गावी परतला आणि त्याच्याकडून खरं कळलं. हिचा नवरा वर्षापूर्वीच सिंगापुरात उतरला होता आणि तिथे दुसरं लग्न करून सुखाने नांदत होता. ज्या वादळांसाठी ही उपाशी राहिली, त्यांतल्या एकातही तो नव्हता. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ती आली ती दोन्ही हातांत बांगड्या भरून. लग्नात कोळीण उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, त्याने तिचं कुंकू राखावं म्हणून. तो हात मग कायम मोकळा राहतो. मी तिच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

"दर्यानं त्याचा बोल राखला, बाय," ती शांतपणे म्हणाली. "दगा मानसानं दिला. मंग माजा हात कशाला रिकामा?"

त्यानंतर तिने बातम्या कधी विचारल्या नाहीत. वादळं मात्र येत राहिली, ओसरत राहिली. मला अजून वाटतं, तो बुडाला असता तर तिला जन्मभर त्याची आठवण तरी पुरली असती. जिवंत राहून त्याने तीही नेली.