परत आलेलं वॉशिंग मशीन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सगळे त्याला शेठ म्हणायचे. पगार बाकीच्या मेकॅनिकांएवढाच, पण चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देईल तर शपथ. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असो, कुणाच्या घरी बारसं असो, शेठच्या हातात पिशवी असायचीच. "शेठ, लॉटरी लागली की काय?" असं कुणी म्हटलं की तो लहान मुलासारखा खुलायचा.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. ओळखीचं कुणी दुकानात आलं की हमखास म्हणायचं, "वहिनी, तुमचा नवरा म्हणजे देवमाणूस हं!" ती हसून मान डोलवायची. देवमाणसाच्या घरी दुधाचं बिल थकलंय, हे काय सांगणार?

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याचा सगळा जीव धाकट्या बहिणीत आणि भाचीत. बहिणीचा नवरा लवकर गेला होता. ती एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलायचं काम करायची. तिची कंबर धरली, तेव्हा शेठ दुसऱ्याच दिवशी वॉशिंग मशीन घेऊन तिच्या दारात हजर. बहीण रडलीच. बायकोलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. स्वतःच्या घरी ती बादलीत कपडे धूत होती, पण तिची कंबर तरी धड होती.

पैसे कुठून आले, हे तिने विचारलं होतं. "बोनस मिळाला," तो म्हणाला होता.

मग एका दुपारी दुकानात एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ. तिला वाटलं गिऱ्हाईकच.

"नंबर तपासायचाय का?"

"नाही ताई, तुमच्याशीच बोलायचं होतं. मी फायनान्स कंपनीतून आलोय. साहेब फोन उचलत नाहीत. जामीन म्हणून तुमची सही आहे, म्हणून इथे आलो."

सही तिचीच होती. शेठने कधीतरी गॅसच्या कागदांबरोबर तोही कागद पुढे सरकवला होता आणि तिने हात ओला असतानाच सही केली होती. तो तरुण एक शब्द चढ्या आवाजात बोलला नाही. हप्ते किती थकलेत ते सांगितलं, पाणी मागून प्यायला आणि गेला. काउंटरवरच्या मालकांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिला वाटलं, यापेक्षा त्या पोराने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी शेठ आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलापाशी बसून होती.

"एकूण किती?" तिने विचारलं.

"होईल गं. ओव्हरटाइम मिळणारे पुढच्या महिन्यात."

"मी किती ते विचारलं."

त्याला सांगायला फार वेळ लागला. दोन क्रेडिट कार्डं, फायनान्स कंपनी, मशीनचे हप्ते, कामावरच्या चौघांकडून घेतलेले उसने. दोघांचा वर्षाचा पगार ओतला तरी बुजणार नाही असा खड्डा होता तो.

"दारू नाही प्यालो मी," तो म्हणाला. "जुगार नाही खेळलो. स्वतःला एक शर्ट तरी घेतला का सांग?"

ते खरंच होतं. घरात बाटल्या सापडल्या असत्या तर निदान चार लोक तिच्या बाजूने बोलले असते.

"मग का करता असं?"

तो बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत राहिला. "रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभा राहिलो ना, की वाटतं, आत घेतील का नाही. लहानपणी काकांकडे राहायचो तेव्हापासूनचं आहे ते. जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातली फ्रेम कापायची कात्री आणली आणि त्याच्यासमोर दोन्ही कार्डांचे तुकडे केले. कार्डं त्याने स्वतःच तिच्या हातात दिली होती. पगार तिच्या खात्यात येईल, त्याला रोज बसभाडं आणि दोन चहांपुरते पैसे मिळतील, असं ठरलं. तिने बांगड्या विकून कामावरच्या चौघांचं आधी भागवलं. दुकानातून मोडके चष्मे घरी आणून दुरुस्त करायला लागली. महिना सरला, दुसरा सरला, फायनान्सवाल्याचे फोन थांबले.

कामावर लोक गमतीने म्हणायचे, "शेठचं दिवाळं निघालं वाटतं!" तो हसायचा. मग चहाच्या वेळी तो लिफ्टच्या मोटरच्या खोलीतच थांबायला लागला. बहिणीकडे गेला तर खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाहुण्यासारखा, आणि काहीतरी निमित्त काढून लवकर उठायचा.

ती हे सगळं बघत होती. पण हप्ते वेळेवर जात होते आणि तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागत होती.

पावसाळा संपता संपता मालकांनी तिला काउंटरवर बोलावलं. "तुमच्या पगारातून या महिन्यापासून थोडे कापायचे ना? मिस्टर म्हणाले होते, सावकाश कापा."

"कशाचे?"

मालक ओशाळले. "अहो, तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चाललो मी. भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, तुम्हीच पाठवलंय, असं म्हणाले. म्हणून तर दिले."

ती मागे जाऊन बसली. हातातली काच तिने दोनदा चुकीची घासली. राग होताच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. आता या दुकानातही तिला मान वर करून चालता येणार नव्हतं.

घरी न जाता ती थेट नणंदेकडे गेली. नणंद नुकतीच कामावरून आली होती, कमरेला पट्टा बांधून पलंगावर टेकली होती. भाची आतल्या खोलीत अभ्यास करत होती.

"वन्सं, एक मागायचंय," ती म्हणाली. "यापुढे ह्यांच्याकडून काही घेऊ नका. काहीही. पेनसुद्धा नको."

आणि मग तिने सगळं सांगितलं. कार्डं, सही, तो मऊ आवाजाचा तरुण, मालकांचे पैसे. सांगताना तिला वाटत होतं, ही बाई रडेल, माझा हात धरेल.

नणंदेचा चेहरा मात्र दगड झाला. "म्हणजे आम्ही तुमचं घर लुटलं?"

"तसं नाही म्हणत मी."

"मी कधी मागितलं होतं वहिनी? एकदा तरी? दादा आणायचा, मी घ्यायची. त्याला नाही म्हटलं की त्याचा चेहरा बघवायचा नाही."

"मलाही नाही बघवत. पण मी म्हणते ना नाही."

"तुम्ही बायको आहात," नणंद म्हणाली. "मी त्याच्या हाताखाली वाढले. मी कसं म्हणू?"

आतल्या खोलीतला पानांचा आवाज थांबला होता. चहा न घेताच ती निघाली.

रविवारी सकाळी खाली टेम्पो थांबला. दोन हमालांनी वॉशिंग मशीन वर आणलं आणि दारासमोर टेकवलं. बरोबर चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. शेजारचे दार उघडून बघायला लागले. "नवीन घेतलंत? अभिनंदन!" समोरच्या बाई म्हणाल्या.

शेठ बनियनवर बाहेर आला. त्याने मशीन ओळखलं. मग बायकोकडे बघितलं.

"तू गेली होतीस?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"खरं ते."

मशीनवर साबणाचा वाळलेला डाग होता, तो त्याने अंगठ्याने खरवडला. घरात ठेवायला जागाच नव्हती. पंधरा दिवस ते जिन्यापाशी राहिलं, येणारेजाणारे अंग चोरून जायचे. शेवटी निम्म्याहून कमी किमतीला विकलं. हप्ते अजून बाकी होते. ते त्यांनी पुढे कितीतरी महिने भरले, घरात नसलेल्या मशीनचे.

नणंदेचा फोन यायचा बंद झाला. बायकोने दोनदा केला, तर "कामात आहे" एवढंच उत्तर. शेठ बहिणीकडे गेला नाही. "चला, मी येते बरोबर," असं ती म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, "काय तोंडाने?" रविवारी तो दुपारभर झोपायला लागला. घरात भांडण असं नव्हतंच. भाजी काय आणायची, वीजबिल आलं का, एवढंच बोलणं उरलं.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी भाची आली. तिला नोकरी लागली होती. मामाच्या पाया पडली, मग पर्समधून पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं.

"मामा, लॅपटॉपचे आहेत. अर्धे. बाकीचे देते हळूहळू. आईला सांगू नका."

शेठचा चेहरा एकदम कसनुसा झाला. "वेडी आहेस का? भाचीकडून पैसे घेतो का मी? ठेव ते आत!"

शेवटचे काही हप्ते राहिले होते. बायकोने हात पुढे केला आणि पाकीट घेतलं.

"देवाने तुला भरपूर देवो," ती भाचीला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

शेठने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तो उठला, चप्पल घातली आणि भाचीला स्टॉपपर्यंत सोडायला गेला. खिडकीतून तिला दोघं दिसत होती. भाची काहीतरी सांगत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

त्या उन्हाळ्यात कर्ज फिटलं. फायनान्स कंपनीचं पत्र हातात आलं तेव्हा ती ते घेऊन त्याच्याकडे गेली. तो कामावर जायला बूट बांधत होता.

"संपलं," ती म्हणाली. "आता एका पैशाचं देणं नाही कुणाचं."

"बरं झालं," तो म्हणाला. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, डबा उचलला. दारात क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. मग दार लोटून तो कामावर गेला, आणि ती दुकानाची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिली.