उरलेली कड

मित्रांनो, मी एक जुनी कड आहे. कसली, ते सांगते. घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसा तुमच्या बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. माणूस गेल्यावर डॉक्टर त्यातला मधला गोल कापून दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवतात. भोवती जी बारीकशी गोल किनार उरते, ती मी.

माझा जन्म एका पाटीवाल्याच्या डोळ्यात झाला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. मी आणि मधला तेव्हा एकच होतो. खरं सांगायचं तर काम सगळं मधल्याचं. उजेड त्याच्यातून आत जायचा. मी आपली काठावर बसून धूळ आणि रंगाचे शिंतोडे सोसायची. "काय नजर आहे या माणसाची!" असं लोक म्हणत, तेव्हा त्या कौतुकात माझा वाटा किती, हे विचारायला मी कधी गेले नाही.

शेवटचे काही आठवडे पाटीवाल्याने अंथरुणावर काढले. तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने रडत रडतच नेत्रपेढीला फोन केला.

"वहिनी, आम्ही निघतोच," पलीकडचा माणूस म्हणाला. "तोवर पंखा बंद करा, पापण्या मिटा आणि त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा."

तिने सगळं केलं. फक्त पाणी घेतलं ते उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं, आणि तो तांब्या कित्येक दिवसांत कुणी विसळला नव्हता. घरातला माणूस गेल्यावर तांब्या विसळायचं कुणाला सुचतं? तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय बुरशी त्या पाण्यातून आली, की आजारपणातच पापणीखाली शिरली होती, हे मलाही नक्की ठाऊक नाही. काहीतरी परकं अंगाला चिकटलंय एवढं मात्र जाणवलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

नेत्रपेढीच्या लोकांनी हयगय केली असंही समजू नका. त्यांनी घरच्यांना आजारांबद्दल खोदून खोदून विचारलं, पाटीवाल्याचं रक्त तपासलं, आम्हाला जंतुनाशकाने धुतलं आणि गुलाबी औषधाच्या बाटलीत घालून गार कपाटात ठेवलं. त्या औषधात जिवाणू मरतात. बुरशी मात्र मरत नाही. ती माझ्या अंगात दबा धरून बसली आणि बाटली वरून कशी स्वच्छ, नितळ दिसत राहिली.

मग आम्ही एका सुतारदादाच्या वाट्याला आलो. त्याचा एक डोळा खिळा उडून कायमचा गेला होता आणि दुसऱ्यावर जुन्या जखमेचा पांढरा डाग होता. म्हणजे जे काही व्हायचं, ते या एकाच डोळ्यावर. ऑपरेशनसाठी डोळा बधिर केला होता, तोंड नव्हतं.

"डॉक्टर, नीट बसवा हं," तो टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला. "मी चौकट बसवतो तेव्हा गिऱ्हाईक मला हेच सांगतं."

"तुम्ही हलू नका, म्हणजे नीट बसेल," डॉक्टर म्हणाले.

मधला कापला गेला. जन्माचा सोबती डोळ्यांदेखत परक्या घरी गेला आणि मी तबकात उरले.

"ही कड टाकू ना?" सिस्टरने विचारलं. "दर वेळी पाठवतो, निघत तर काहीच नाही."

"न निघो. लॅबला पाठवा."

लॅबमध्ये मला एका बशीत ठेवलं. जंतू असतील तर त्यांनी वाढावं, म्हणून तिथे त्यांना खाऊपिऊ घालतात. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी नमुने घेऊन आलेली सिस्टर हसत हसत सांगू लागली, "त्या सुताराची पट्टी काढली, तर बहिणीला म्हणतो कसा, 'अगं ताई, तुझे केस कधी पिकले?' सगळा वॉर्ड हसला."

मला आनंद झाला, पण तो पुरता घेता येईना. कारण माझ्या अंगावर तेव्हा सायीच्या थेंबासारखे ठिपके उमटू लागले होते.

ते लॅबच्या बाईंना तिसऱ्या दिवशी दिसले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि तशीच धाव फोनकडे घेतली. "डॉक्टर, बुरशी आहे. पेशंटला लगेच बघा." डॉक्टरांनी पाहिलं, तर टाक्याशेजारी एक बारीक पांढरा ठिपका आलाच होता. दर तासाला औषधाचे थेंब सुरू झाले.

संध्याकाळी सुतारदादाची ताई लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाई, डॉक्टर म्हणतात, औषधाने आटोक्यात आलं नाही तर बसवलेलं काढावं लागेल. खरं का?"

"काढलं तर निदान डोळा वाचेल, ताई. दुसरा पडदा मिळाला की पुन्हा बसवता येईल."

"आणि तो मिळेपर्यंत? त्याने सकाळीच घरून रंधा मागवलाय. त्याला कोणत्या तोंडाने सांगू मी?"

बाईंनी तिला स्टूल पुढे केलं.

मित्रांनो, मधला माझा सख्खा. त्याच्याशिवाय मी कोण? तरी मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की काढा त्याला, फेकून द्या, पण सुतारदादाचा डोळा राखा. बशीतल्या कडेचं कोण ऐकणार? मला फक्त नासता येत होतं. तेवढंच मी केलं आणि तेही उशिरा.

तुम्ही डोळे द्या, भिऊ नका. फक्त कापूस भिजवण्याआधी हात धुवा, भांडं विसळा, ताजं पाणी घ्या. कुणी आजाराचं विचारलं तर काही लपवू नका. आणि मोठेपणी डॉक्टर झालात, तर उरलंसुरलं म्हणून माझ्यासारखीला केरात लोटू नका.

आता मला जंतू मारायच्या वाफेच्या डब्यात ठेवलंय. झाकण लागतंय. वरच्या मजल्यावर वॉर्डात आज मधल्याचं काय ठरलं, ते मला कळणार नाही. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर सुतारदादाला दिसतं का, तेवढं विचारा.