तिसरा पडदा

चित्रकार लँगरिशने छडीच्या टोकाने तिसरा पडदा बाजूला ढकलला.

"हा उतरव. आत्ता."

"छडी लांब ठेवा, साहेब," शिडीवरून जोसाया क्रेब म्हणाला. "या एकावर माझ्या बायकोचे दोन महिने गेलेत."

चित्रशाळेच्या उंच खिडकीला तीन हिरवे मखमली पडदे लागले होते. प्रत्येकावर लँगरिशने आखून दिलेले डाळिंबाचे झाड सोनेरी रेशमाने भरलेले. भरतकाम क्रेबच्या बायकोचे, ड्रुसिलाचे. तिला पुरून सहा आठवडे झाले होते.

"दोन महिने घालवून तिनं शेवाळ दिलं मला. ते दोन बघ किती गर्द, आणि हा फिका. रविवारी निम्मं लंडन माझी चित्रं बघायला येणार. सगळे या खिडकीकडेच बघून हसतील. हा मी दुसऱ्याकडून करून घेतो."

"उजेड तिरपा पडलाय."

"उजेड काय असतो ते तू मला सांगणार?"

"कुणीतरी सांगायला हवंच होतं."

"मग पडद्यांवरून फिरव हात. का धीर होत नाही?"

क्रेबने पहिल्या दोन पडद्यांवरून खालून वर तळहात फिरवला. मखमलीची लव गुळगुळीत बसली. तिसऱ्यावर ती हाताला आडवी आली. तुकडा उलटा धरून भरला होता, म्हणूनच तो फिका दिसत होता. आता पडदा फिरवून लावावा, तर झाड खाली डोके करून टांगावे लागले असते.

ड्रुसिला सुई लावण्याआधी मखमल गालावरून फिरवायची. सुईने निबर झालेल्या बोटांवर तिचा भरवसा नव्हता. हा तुकडा हाती घेतला तेव्हा तिचा जबडा सुजला होता, दोन्ही गालांवरून पट्टी बांधलेली होती.

"लव कुठं जाते, जरा बघता का हो?" तिने विचारले होते.

क्रेब जेवत होता. तेलकट हात त्याने पुसलाही नाही. लांबूनच म्हणाला होता, "बरोबर आहे."

तो शिडीवरून खाली उतरला.

"चूक माझी आहे. कापड बघायचं काम माझं होतं."

लँगरिश हसला. "बायकोचं झाकतोस? मेलेल्या बाईला आता काय फरक पडतो?"

"माझी आहे म्हटलं ना."

"खोटं छान बोलतोस. चल, उतरव."

क्रेब पुन्हा शिडी चढला. एकेक कडी सोडवत गेला. शेवटची राहिली तेव्हा तो थांबला. त्याने दोन्ही हात कोटाला नीट पुसले, आणि मगच मखमल धरली.