हळदीचं आमंत्रण

मंजुषाच्या टेबलावर दोन पत्रं टाईप होऊन पडली होती. एक शेवटच्या ताकिदीचं, दुसरं बडतर्फीचं. कोणत्यावर सही करायची ते आज तिनेच ठरवायचं होतं. आणि जिच्यासाठी गेले तीन आठवडे ती वरिष्ठांशी भांडत होती, ती काशी समोर बसून विचारत होती, "मॅडम, तुमी जेवलात का?"

मंजुषाला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

बेलापूरच्या त्या खासगी रुग्णालयात मंजुषा एचआरची प्रमुख, आणि करावे गावची काशी सतरा वर्षं नोंदणीच्या खिडकीवर; काम संपलं की वॉर्डात जाऊन पेशंटच्या उशाशी बसायची तिची सवय. काशीच्या मुलाचं, तेजसचं लग्न निघालं. हळदीला गाव बोलावून झालं, पाहुणे झाले, तरी बाईचं मन भरेना. दवाखान्यात ज्यांच्या उशाशी बसलो तीही आपलीच माणसं की! मग बसली कॉम्प्युटरपुढे आणि एकतीस पेशंटच्या फायली उघडून घरचे पत्ते उतरवून घेतले. बरं, पत्रिका पोस्टाने तरी टाकावी. पण आमंत्रण घरी जाऊन द्यायचं असतं, म्हणून पत्रिका आणि अक्षता घेऊन दारोदार फिरली.

तीस घरांनी चहा पाजला. एकतिसावं घर खारघरच्या राजनंदिनीचं. ऑफिसच्या कामाला पुण्याला जाते असं सांगून ती तीन दिवस रुग्णालयात राहिली होती, गर्भपातासाठी. घरात कुणाला पत्ता नव्हता. दार सासूने उघडलं. काशीने तिच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि अगदी मायेने विचारलं, "सून बरी हाय ना आता? पिशवी साफ केली तवा लय रडली पोर."

राजनंदिनी आता माहेरी होती, आणि तिची तक्रार मंजुषाच्या फायलीत.

चौकशी रीतसर झाली. निलंबन, नोटीस, खुलासा, सोबत सहकारी आणायची मुभा, सगळं. काशीचं पालुपद एकच, "मी कुनाचं वाईट केलं नाय. पत्ताच तर बघितला." तिच्या मनात वाईट नव्हतं हे मंजुषाला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती. चोराला काढून टाकणं सोपं असतं. आणि त्या हळदीत मंजुषा स्वतः नाचून आली होती. वरिष्ठ शेवटी वैतागून म्हणाले, चूक समजली असेल तर ताकीद द्या, नसेल तर काढा.

"काशीताई, शेवटचं सांगते. फाईल आपल्या खिडकीवर उघडते म्हणून ती आपली होत नाही. त्या मुलीचं दुखणं तिचं. कुणाला सांगायचं ते तिने ठरवायचं. तुमच्यामुळे तिचं घर मोडलं."

काशीचं पालुपद तुटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"घर मोडलं? मना कोनी सांगितलं नाय."

"नोटिशीत लिहिलंय. तुम्ही सही केलीत."

"कागदावर असंल मॅडम. तुमी आता तोंडानं सांगितलं."

काशी पदर तोंडाला लावून रडली. मग स्वतःच्या हाताने लिहून दिलं की माझी चूक झाली, कामाशिवाय कुणाची फाईल उघडणार नाही. मंजुषाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिने ताकिदीचं पत्र पुढे ओढलं आणि पेन उघडलं.

"मॅडम, मी आजच जाते. पोरीचे पाय धरते."

"नको. ती माहेरी आहे."

"मंग तितंच जायला पायजे. तिच्या आईचेबी पाय धरते." काशीने डोळे पुसले आणि कॉम्प्युटरकडे मान वळवली. "माहेरचा पत्ता असंल ना तिच्या फायलीत? बघा ना जरा. तुमाला टायम नसंल तर खिडकीवर भाविका हाय, ती काढून देल."

मंजुषाचं पेन तसंच थांबलं. तिला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. ताकिदीचं पत्र तिने बाजूला सारलं, दुसरं पुढे घेतलं आणि सही करायला वाकली.

तिला लिहिताना बघून काशीचा चेहरा उजळला. "पत्ता मोठ्या अक्षरात लिवा हां मॅडम," ती म्हणाली, "आज चष्मा घरी राहिला."