जाडसर दळण

“अहो, आज तरी कॉफी निघाली, की पुन्हा मोरीचं पाणी?” बायकोने आतून विचारलं.

“मोरीचंच!” निरीक्षक समाधानाने म्हणाले आणि त्यांनी कप सिंकमध्ये उपडा केला. “कोपऱ्यावर जाऊन पिऊन येतो. काय करणार, हाताला गुणच नाही.”

निरीक्षक म्हणजे लिफ्टचे. माणसं अधांतरी अडकू नयेत म्हणून त्यांनी उभी हयात घालवली आणि निवृत्त होऊन स्वतः तिसऱ्या मजल्यावर अडकले. सुटकेची जागा एकच, कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान. तिथे एक दातांचे डॉक्टर आणि एक बुडीत छापखानेवाला त्यांची वाट बघत, आणि तिघे मिळून जगाची मनसोक्त निंदा करत. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

त्यावरच लेक-जावयाने घाला घातला. तोही प्रेमाने. वाढदिवसाला घरी एस्प्रेसोचं मशीन येऊन पडलं; सोबत बिया दळायचा ग्राइंडर, पूड दाबायचा दट्ट्या आणि दुधाचं चोच असलेलं भांडं. “बाबा, आता बाहेर जायलाच नको!” जावई फोनवर म्हणाला. जन्मठेप इतक्या आनंदाने कुणी सुनावली नसेल.

तेव्हा निरीक्षकांनी कॉफी बिघडवायला घेतली. दळण जाडसर ठेवलं, की पाणी भसकन खाली येतं आणि कॉफी आंबट लागते, हा शोध त्यांना पहिल्याच दिवशी लागला होता. जावई सांगे, “जरा बारीक दळा, बाबा.” हे “हो हो” म्हणत आणि ग्राइंडरची दळण जाड-बारीक करायची कडी आणखी सैल करत.

मग एका सकाळी मात्र घात झाला. सैल करून करून ती कडी हाताला डुगडुगली. डुगडुगणारी वस्तू दिसली की आवळायची, ही नोकरीतली सवय. बोटांनी मालकाला न विचारता कडी घट्ट आवळली. दळण बारीक पडलं, मशीन घुरघुरलं आणि मधासारखी सावकाश, तांबूस धार कपात उतरू लागली. वर सोनेरी साय.

निरीक्षक कप घेऊन घाईघाईने सिंककडे वळले, तर वाटेत बायको.

“बघू.”

“अगं, बिघडलीय.”

तिने घोट घेतला. मग दुसरा. “जमलं की हो तुम्हाला!”

तिने खिडकीशी आणखी एक खुर्ची ओढली. “इतकी वर्षं सकाळी एकटीच पीत बसायचे मी. आधी तुमची ड्युटी, मग तुमचा तो कोपरा. शेवटी मीच लेकीला म्हटलं, बाबांना मशीन घेऊन दे.”

“तू म्हटलंस?”

“मग? तुम्हाला सांगून तुम्ही थांबला असतात होय?”

निरीक्षकांनी ती खुर्ची जरा पुढे घेतली. ते बसले. कॉफी उत्तम झाली होती, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

“उद्या जरा लवकर करा,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “म्हणजे निवांत बसता येईल.”

“बरं,” ते म्हणाले. बाहेर जायच्या घाईत सकाळीच चढवलेले बूट त्यांनी खुर्चीखाली, एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून, आवाज न करता काढले.