बिनआवाजाचा कॉम्प्युटर

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ती अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, पण घरचा कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचा पंखा असा घरघरायचा की एका श्रोत्यानं आदबीनं निरोप धाडला, "ताई, वाचता छान तुम्ही. फक्त पिठाच्या गिरणीपासून जरा लांब बसाल का?"

निरोप तिला चांगलाच झोंबला. दुकानातले तयार कॉम्प्युटर तिनं कान लावून लावून पाहिले; सगळे घुमणारे. मग तिनं ठरवलं, सुटे भाग आणायचे आणि शांत कॉम्प्युटर स्वतःच जोडायचा.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू आजवर मिक्सरचा प्लगसुद्धा बदललेला नाहीस."

"म्हणूनच," म्हणत तिनं फोन ठेवला.

खोकी आली आणि जेवणाचं टेबल गेलं. नवरा भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते ताट मांडीवर घेऊन बघत बसले.

"हे काय?"

"कूलर."

"एवढासा? यात पाणी कुठं भरायचं?"

"अहो, प्रोसेसरला गार ठेवायला आहे तो. तुम्हाला नाही."

प्रोसेसर मदरबोर्डवर ठेवून तिनं बाजूची दांडी दाबली, तर करकर आवाज झाला.

"मोडलं," मास्तर म्हणाले.

"बोलू नका हो!"

मोडलं नव्हतं. असा आवाज होणारच, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पण पुढच्या पानावर. मग कूलरचा एक स्क्रू हातातून निसटून बोर्डामागे गेला. तिनं बोर्ड बसवलेलं ते पत्र्याचं अख्खं कॅबिनेट उलटं करून खुळखुळ्यासारखं हलवलं, तेव्हा स्क्रू पडला खरा, पण तो भलताच निघाला. तो कुठला, हे शोधण्यात सकाळ गेली. पत्र्याच्या कडेनं बोट कापलं. मास्तरांना टॉर्च धरायला सांगितला, तर उजेड सगळीकडे, फक्त हव्या त्या जागी नाही.

"इथं धरा. इथं म्हणजे माझ्या डोळ्यांत नव्हे!"

"मग नीट सांग ना. डावीकडे की उजवीकडे?"

"भूगोल शिकवलात ना आयुष्यभर?"

दुपारी सगळ्या वायरी लागल्या. तिनं पदर खोचला, बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वायरी काढून घातल्या, तरी तेच.

"शांत तर आहे," मास्तर म्हणाले.

तिनं पेचकस टेबलावर आपटला, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. बँकेत खाती जुळेनात तर कुणाला धारेवर धरायचं, हे तिला नेमकं कळायचं. इथं रागवायचं तरी कुणावर? मुलीला फोन करायची वेळ आली असती, तर त्यापेक्षा तिनं ती खोकी गच्चीवरून खाली टाकली असती.

बाहेर आली तेव्हा टेबलावर चहा होता, आणि मास्तर चष्मा लावून पुस्तिका उघडून बसले होते. विनोद करायच्या बेतात दिसत नव्हते.

"मी वाचतो, तू कर. पहिल्यापासून."

"सगळं झालंय करून."

"असू दे. वर्गात नाही का आपण परत वाचत?"

ती धुसफुसतच बसली. ते वर्गातल्या आवाजात एकेक ओळ वाचू लागले, ती काढून पुन्हा बसवू लागली. रॅमच्या पट्टीपाशी ते थांबले.

"'दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत दाबा.'"

"आला होता आवाज."

"दोन्ही टोकांना?"

तिनं वाकून पाहिलं, तर एक टोक किंचित वर होतं. अंगठ्यानं सगळा राग काढावा तसं तिनं ते दाबलं. टक्.

या वेळी पंखा फिरला तो फिरतच राहिला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तिनं कॅबिनेटला कान लावला. काही नाही! मास्तरांनीही दुसऱ्या बाजूनं लावला. दोघं तसेच ओणवे राहून एकमेकांकडे बघत हसले.

हसू झाकण लावेपर्यंतच टिकलं. झाकण बसेचना. शांत राहावा म्हणून हौसेनं आणलेला तो भलामोठा कूलर बोटभर बाहेर येत होता. तिनं सगळं तपासून घेतलं होतं, उंची सोडून. दुकानदार फोनवर म्हणाला, "वापरलेला कूलर परत नाही घेता येणार, मॅडम. मोठं कॅबिनेट मागवतो."

"म्हणजे हे सगळं पुन्हा काढायचं?"

"काढावंच लागेल."

तिनं फोन ठेवला आणि झाकण पलंगाखाली ढकललं. उघडा तर उघडा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तेवढं मुलीकडून विचारून घेतलं, फार काही न सांगता.

दुसऱ्या दिवशी माईकसमोर बसून तिनं पहिला परिच्छेद वाचला आणि ऐकून पाहिला. घरघर गेली होती. पण आता फ्रिज ऐकू येत होता. आणि आणखी काहीतरी.

"तुम्ही पेपरचं पान उलटलंत."

"छे, मी नुसता चष्मा काढला."

"तेही ऐकू येतंय!"

मास्तर पेपर घेऊन जिन्यात जाऊन बसले. दार त्यांनी अगदी हलकेच ओढून घेतलं. तेही रेकॉर्ड झालं. तिनं दात आवळून सगळं पुसलं, फ्रिज बंद केला आणि पुन्हा सुरुवात केली. पहिलं पान एकदाही न थांबता पार पडलं. दुसऱ्या पानावर, मधोमध, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली.