मातेचा शेला

गावात सगळे मला सेलेदोनियाकाकू म्हणतात आणि माझ्या तोंडाला टरकून असतात. अठरा वर्षं मारियामातेच्या मूर्तीला कपडे मीच घालते, दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. त्याचा तोरा होता मला, खोटं कशाला बोलू?

यंदा सणासाठी कोचाबांबा शहराहून नवा मखमली शेला शिवून आला होता. सणाच्या आदल्या दुपारी तो हातावर घेऊन मी चर्चमध्ये उभी होते. शेजारच्या साबिनाची सात वर्षांची योवाना मूर्तीच्या कपाटाची काच पुसत होती. काच निखळून फुटली आणि तिचा हात कोपराखाली उभा चिरत गेली. रक्त उसळून यायला लागलं.

"काकू..." एवढंच म्हणाली पोर.

आणि मी? "थांब हं, जुनं फडकं आणते," म्हणाले आणि शेल्याची घडी घालायला लागले. डाग पडू नये म्हणून!

अंगणात बँडवाले तालीम करत होते. काच फुटल्याचा आवाज ऐकून ढोलवाला रेम्बेर्तो धावत आला.

"काकू, बघत काय बसलाय? द्या तो इकडे!"

"अरे, मातेचा आहे तो! फडकं बघते ना..."

"पोर जाईल तुमच्या फडक्यापायी!"

त्याने शेला हिसकावला, जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. मखमल भिजून ठिबकायला लागली, तेव्हा मूर्तीच्या कमरेचा रुंद पट्टा ओढून कोपराच्या वर आवळला, गाठीत ढोलाची काठी अडकवली आणि पिळत गेला. योवाना किंचाळली. रक्त थांबलं.

"पलटणीत शिकवलेलं," तो धापा टाकत म्हणाला. "तीन वाजून दहा मिनिटं. पट्टा आवळल्याची वेळ डॉक्टरला सांगायची, विसरू नका."

डॉक्टर म्हणाले, थोडा जरी आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती.

सण संपला, बँड पुढच्या गावी गेला. इकडे गावभर झालं, काकूंनी मातेचा शेला देऊन पोर वाचवली. फादरांनी भर प्रार्थनेत माझं नाव घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण एरवी जिभेचा पट्टा चालवणारी मी, तोंडातून शब्द काढला नाही.

रविवारी साबिना कोंबडी घेऊन आली, सोबत योवाना.

"काकू, तुम्ही हिची धर्ममाता व्हा. तुमच्यामुळेच आहे ती."

आता मात्र राहवेना. "साबिना, मी शेला दिला नाही गं. रेम्बेर्तोने तो हिसकावला. मी घडी घालत होते. तुझी लेक रक्तात न्हात होती आणि मला शेल्याची काळजी!"

साबिना डोळे पुसत हसली. "ऐकलंस, योवाना? किती मोठं मन! श्रेयसुद्धा नको त्यांना." आणि कोंबडी माझ्या हातात दिली.

योवाना हसली नाही. बांधलेला हात छातीशी धरून ती आईच्या मागे सरकली.